दिसणें आणि असणें

खऱ्याखोट्यांत चार बोटांचें अंतर असतें, असें आपल्याकडे वडीलधारीं माणसें सांगत आलीं आहेत. कान आणि डोळा यांमधलें तें अंतर. ऐकलेलें खोटें असूं शकेल, पाहिलेलें मात्र खरेंच, असा या म्हणीचा अभिप्राय. व्यवहारांत ही म्हण पुष्कळ उपयोगी पडते. परंतु ज्यांच्या घरांत दीर्घ दुखणें आहे, त्यांच्यावर एक वेळ अशी येते कीं डोळ्यांवरचा हा विश्वासहि पुन्हां एकदां तपासून घ्यावा लागतो. 'स्कॅनमध्यें कांहीं दिसत नाहीं' एवढें ऐकून पेढे वाटणारीं घरें आम्हीं पाहिलीं आहेत, आणि 'कांहीं तरी दिसतें आहे' एवढें ऐकून त्या दिवशीं चूल न पेटलेलीं घरेंहि. दोन्ही ठिकाणीं चित्र खरें होतें. त्याचा अर्थ मात्र लोकांनीं आपल्या आशेनें किंवा भीतीनें ठरविला होता.

ज्या दुखण्याविषयीं आम्ही लिहीत आहों तें म्हणजे स्त्रियांच्या बीजांडकोशाचा कर्करोग. आणि तोहि पहिल्या उपचारानें हटून कांहीं काळानें पुन्हां उलटलेला. आमच्या थोरल्या वहिनी गेलीं तीन वर्षें या वाटेनें चालत आहेत. त्यांचें माहेर कागलकडचें. वडिलांच्या गुऱ्हाळावर लहानपणापासून उभें राहून काहिलींतल्या रसाचा पाक गुळव्याच्या आधीं ओळखणारी ही बाई. तेव्हां डोळ्यांवर त्यांचा भरंवसा दांडगा. त्यांच्या संगतीनें दवाखान्यांच्या बाकांवर बसतां बसतां जें शिकावयास मिळालें, तें वाचकांपुढें मांडावेंसें वाटतें. विषय रूक्ष आहे खरा. परंतु ज्या विषयाची आज ना उद्यां कोणाच्याहि घरीं गांठ पडूं शकते, तो वाङ्मयाच्या मासिकांत येऊं नये असें आम्हांस वाटत नाहीं.

बीजांडकोश दोन, ओटीपोटांत गर्भाशयाच्या दोहों बाजूंस, बदामाच्या आकाराचे. तेथें रोगाला प्रारंभ झाला तर पुष्कळ दिवस पत्ता लागत नाहीं. पोट फुगल्यासारखें वाटतें, दोन घांसांत भूक भागते. आणि हा सारा पित्ताचा किंवा वाताचा खेळ समजून ओव्याचा अर्क घेतला जातो. इतर पुष्कळ कर्करोग रक्तावाटे दूरच्या अवयवांत जातात. हा मुख्यतः पोटांतल्या पोटांतच पेरला जातो. पोटाच्या पोकळीस आंतून एक पातळ, गुळगुळीत अस्तर असतें. तेंच दुमडून आंतड्यांवर आणि यकृतावरहि चढलेलें असतें. तें सारें उलगडलें तर जवळजवळ अंगावरच्या कातडीइतकें भरेल. या अस्तरावर नेहमीं थोडा ओलावा असतो, आणि तो एका जागीं स्थिर राहत नाहीं. श्वासाबरोबर मध्यपटल वर-खालीं होतें, त्या ओढीनें तो उजव्या कुशीच्या पन्हाळीवाटे वर चढत यकृताच्या माथ्यापर्यंत जातो. रोगाच्या पेशी या ओलाव्याबरोबर वाहत जातात व जेथें टेकतील तेथें रुजतात: मध्यपटलाखालीं, आंतड्यांच्या वळणांत, आंतड्यांवर पदरासारख्या पसरलेल्या चरबीच्या वपेवर. शेतांत मुठीनें धान्य फेकावें तशी ही पेरणी. रोग पुढच्या टप्प्यांत असतांना सांपडला, तर शस्त्रक्रिया व किमोथेरपी यांनीं तो दिसेनासा होऊनहि दहांतल्या सुमारें सात जणींत केव्हां तरी परत येतो. परत येतो तेव्हां तो कोठें, किती आणि केवढा आहे, हें पाहण्यासाठींच चित्रें काढावयाचीं असतात.

शरीर न कापतां त्याच्या आंत पाहण्याची विद्या विल्हेल्म राँटगेन यांच्यापासून सुरू झाली. जर्मनींतल्या वुर्ट्झबुर्ग येथें ८ नोव्हेंबर १८९५ रोजीं त्यांस क्ष-किरणांचा शोध लागला, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत त्यांनीं आपल्या पत्नीच्या हाताचें चित्र घेतलें. त्यांत हाडें दिसलीं, बोटांतली अंगठी दिसली. मांस मात्र सावलीसारखें. पोटासारख्या मऊ अवयवांच्या गर्दींत तो किरण फारसा कामाचा नव्हता. ही अडचण गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांनीं पुष्कळ अंशीं दूर केली. क्ष-किरण चोहों बाजूंनीं फिरवून, गणकयंत्राकडून हिशेब करवून, शरीराच्या आडव्या चकत्यांचें चित्र काढणारें त्यांचें यंत्र, म्हणजे सीटी स्कॅन, १९७१ सालीं लंडनमध्यें प्रथम एका रुग्णाच्या डोक्यावर वापरलें गेलें. १९७९ सालीं त्यांस व अ‍ॅलन कॉरमॅक यांस नोबेल पारितोषिक मिळालें.

उलटलेल्या रोगाच्या शोधांत आजहि पहिला मान बहुधा सीटीचा. पोटांत सांठलेलें पाणी, वाढलेल्या लसिकाग्रंथि, यकृतावरची गांठ तो चांगली दाखवितो. परंतु हरभऱ्याहून लहान, म्हणजे सेंटिमीटरच्या आंतला दाणा आंतड्याच्या भिंतीस चिकटून बसला असेल, तर तो पुष्कळदां निसटतो. आंतडें सतत हालत असतें, आणि चित्रांत त्याची छटा व दाण्याची छटा जवळजवळ एकच. एमआरआयची एक रीत आहे. तींत पाण्याच्या कणांची हालचाल मोजतात. पेशींची दाटी झालेल्या जागीं ती हालचाल मंदावते, म्हणून बारीक दाणे तींत कांहींसे अधिक उठून दिसतात.

तिसरी रीत पेट स्कॅनची. तिचें मर्म कोल्हापूरकरांस फार समजावून सांगावयास नको, कारण तें साखरेंत आहे. कर्कपेशी साखर अधिक ओढतात, हें जर्मन शास्त्रज्ञ ऑटो वारबुर्ग यांनीं १९२० नंतरच्या दशकांत दाखविलें होतें. साखरेच्या रेणूस फ्लोरिन-१८ हा किरणोत्सर्गी अणु जोडून ती साखर शिरेंतून देतात. पेशी ती आंत घेतात, पण पचवूं शकत नाहींत. ती तेथेंच अडकून राहते. रोग्यानें तासभर स्वस्थ पडून राहावयाचें. मग त्या अणूंमुळें निघणारे किरण भोंवतालच्या कड्यांतलें यंत्र टिपतें, आणि जेथें साखर अधिक सांठली ती जागा चित्रांत उजळते. माणसास हें औषध प्रथम १९७६ सालीं अमेरिकेंत फिलाडेल्फिया येथें दिलें गेलें. तें ब्रुकहेवन येथें बनवून विमानानें न्यावें लागलें. एवढी घाई कां? तर फ्लोरिन-१८ दर ११० मिनिटांनीं निम्मा होत जातो. समजा, तो पुण्यास बनवून मोटारीनें कोल्हापुरास आणावयाचा झाला आणि वाटेंत चार तास गेले, तर निघालेल्यांतला पावहि भाग उरणार नाहीं. तोडलेला ऊंस गाळपाविना पडून राहिला कीं उतारा घटतो, हें ज्यांस ठाऊक आहे त्यांस या घाईचें नवल वाटणार नाहीं.

आपल्या देशांत पेट स्कॅन प्रथम २००२ सालीं मुंबईंत परळ येथें, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्यें सुरू झाला. आणि सीटीशीं जोडलेलें पेट-सीटी यंत्र २००४ सालीं टाटा मेमोरिअल रुग्णालयांत आलें. सर दोराबजी टाटा यांच्या विश्वस्त निधीनें २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं उघडलेलें हें रुग्णालय १९६२ पासून केंद्र सरकारच्या अणुशक्ति खात्याकडे आहे. तेव्हां अणु आणि औषध यांची गांठ तेथें पडावी हें साहजिकच होतें. कोल्हापूरचा माणूस तिकडे बहुधा महालक्ष्मी एक्सप्रेसनें जातो. रात्रीं गाडींत बसावें, सकाळीं दादरला उतरावें. त्या गाडींत मोठालीं पाकिटें घेऊन बसलेलीं माणसें नेहमीं दिसतात. बाकीचें सामान बाकाखालीं जातें. तें पाकीट मात्र मांडीवर राहतें.

आतां या उजळलेल्या चित्राविषयीं दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. पहिली ही, कीं जें जें उजळतें तें सारें रोग नव्हे. मेंदू सदैव साखरेवर चालतो, म्हणून तो नेहमींच पेटलेला दिसतो. मूत्राशय उजळतें, कारण औषध तेथून बाहेर पडतें. आंतड्याचा एखादा भाग उगीचच चमकतो. शस्त्रक्रियेची भरून येणारी जखम चमकते. आणि आपल्या देशांत तर क्षयानें सुजलेली एखादी ग्रंथिहि तशीच चमकून घरच्यांची झोंप उडविते. याच साखरेच्या गोष्टीवरून लोकांनीं आणखी एक अनुमान काढलें आहे: रोगाला साखर आवडते, तर रोग्याचा गूळ-साखर बंद करा म्हणजे रोग उपाशी मरेल. आमच्या वहिनींच्या चहांतला गूळहि असाच कांहीं दिवस बंद झाला होता. परंतु शरीर रक्तांतली साखर आपल्या नेमानें राखीत असतें. ती भाकरींतून निघते, आणि अन्न नसेल तर यकृतांतून निघते. चहा कडू केल्यानें रोग उपाशी राहत नाहीं. आधींच रोडावलेली बाई मात्र राहते. ज्यांस मधुमेह आहे त्यांचें पथ्य अर्थातच वेगळें.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. जें उजळलें नाहीं, तें नाहींच असेंहि नव्हे. साधारणपणें पांच मिलिमीटरच्या, म्हणजे ज्वारीच्या टपोऱ्या दाण्याच्या आंतबाहेर पेटची नजर अडखळूं लागते. राळ्याएवढे किंवा मोहरीएवढे दाणे बहुधा त्याच्या हातीं लागत नाहींत. कांहीं जातींचा रोग साखरच कमी घेतो, तोहि अंधारांत राहतो. आमच्या शहरांत अंबाबाईचा किरणोत्सव होतो, तो वाचकांस ठाऊकच आहे. परंपरेनें ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारी आणि ९, १०, ११ नोव्हेंबर या दिवशीं मावळतीचे किरण महाद्वाराच्या वाटेनें गाभाऱ्यांत शिरतात. पहिल्या दिवशीं चरणांपर्यंत, दुसऱ्या दिवशीं छातीपर्यंत आणि तिसऱ्या दिवशीं मुखापर्यंत. एखाद्या वर्षीं ढग येतात, वाटेंत एखादी भिंत आडवी येते, आणि किरण पायरीवरच थांबतो. त्या दिवशीं कोल्हापुरांतला कोणीहि मनुष्य 'गाभाऱ्यांत मूर्ति नाहीं' असें म्हणत नाहीं. किरण पोंचला नाहीं, एवढेंच म्हणतो. देवळाच्या दारांत आपणांस जें सहज कळतें, तेंच दवाखान्याच्या दारांत कळूं नये हें आश्चर्य आहे.

येथवर चित्राच्या मर्यादा झाल्या. परंतु याहून कठीण असा एक प्रश्न आहे, आणि तो यंत्राचा नसून माणसाचा आहे. वहिनींचा पहिला उपचार संपून जवळजवळ दोन वर्षें झालीं होतीं. प्रकृति चांगली होती. जोतिबाची यात्राहि त्यांनीं केली होती. इतक्यांत रक्तांतला सीए-१२५ हा पदार्थ वाढूं लागला. पस्तीसच्या आंत असावा तो सेहेचाळीसवर गेला, पुढच्या महिन्यांत त्याहून वर. पोटांत दुखणें नाहीं, फुगणें नाहीं. कागदावरचा एक आंकडा तेवढा वाढला. सीटी केला, त्यांत जुन्या शस्त्रक्रियेच्या खुणांपलीकडे कांहीं आढळलें नाहीं. घरच्या सर्वांचें मत एकच: लगोलग पेट करावा, लगोलग औषध सुरू करावें. उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनीं मात्र उलट विचारलें: "चित्रांत कांहीं दिसलें तर आपण काय करणार, आणि नाहीं दिसलें तर काय करणार, हें आधीं ठरवूं या."

हा प्रश्न पोकळ नव्हता. या बाबतींत एक मोठा प्रयोग झालेला आहे. ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन मंडळानें व एका युरोपीय संस्थेनें मिळून केलेल्या या पाहणीचा निष्कर्ष गॉर्डन रस्टिन व त्यांचे सहकारी यांनीं २०१० सालीं 'लॅन्सेट' मध्यें प्रसिद्ध केला. पहिल्या उपचारानें बऱ्या झालेल्या १४४२ स्त्रियांची त्यांत नोंद झाली. ज्यांचा सीए-१२५ पुढें नेहमींच्या मर्यादेच्या दुपटीहून वर गेला, अशा ५२९ जणींचे दोन गट केले. एका गटास आंकडा वाढतांच किमोथेरपी दिली. दुसऱ्या गटास आंकडा न सांगतां, त्रास सुरू झाल्यावर किंवा तपासणींत रोग आढळल्यावर दिली. लवकर उपचार झालेल्या गटाचें मध्यम आयुर्मान २५.७ महिने निघालें, थांबलेल्यांचें २७.१ महिने. म्हणजे लवकर सुरुवात केल्यानें आयुष्य वाढलें नाहीं. औषधाचा जाच मात्र आधीं सुरू झाला, आणि सुखाचे दिवस आधीं सरले. लवकर कळलें म्हणजे बरें, ही आपली सर्वांची समजूत या एका ठिकाणीं उणी ठरली.

परंतु गोष्ट एवढ्यावर संपत नाहीं. त्या काळीं आजचीं कांहीं औषधें नव्हतीं, आणि त्या पाहणींत प्रश्न औषधाचा होता, शस्त्रक्रियेचा नव्हता. उलटलेल्या रोगावर पुन्हां शस्त्रक्रिया करावी काय, यावर पुढें दोन मोठे प्रयोग झाले आणि त्यांचीं उत्तरें एकमेकांशीं जुळलीं नाहींत. २०१९ सालीं अमेरिकेंतून प्रसिद्ध झालेल्या पाहणींत शस्त्रक्रियेनें आयुष्य वाढल्याचें दिसलें नाहीं. २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'डेस्कटॉप-३' या जर्मनींतून चालविलेल्या पाहणींत, ४०७ स्त्रियांपैकीं ज्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली त्यांचें मध्यम आयुर्मान ५३.७ महिने व जिच्यांत नुसती औषधें होतीं त्या गटाचें ४६ महिने निघालें. मात्र तेथें स्त्रिया निवडून घेतल्या होत्या: प्रकृति धडधाकट, पहिल्या वेळीं सारा रोग काढलेला, पोटांत पाणी फारसें नाहीं, आणि मागल्या औषधानंतर निदान सहा महिने लोटलेले. आणि खरा लाभ झाला तो ज्यांचा दिसणारा सारा रोग काढतां आला त्यांनाच. थोडा मागें राहिला तर शस्त्रक्रियेचा भोग तेवढा पदरीं आला. तेव्हां चित्राचें खरें काम येथें आहे: रोग आहे कीं नाहीं एवढें सांगणें हें नव्हे, तर तो एक-दोन जागीं आहे कीं सर्वत्र पसरला आहे, तो काढतां येण्याजोगा आहे कीं नाहीं, हें सांगणें.

वहिनींचा पेट झाला तो या हेतूनें. अहवाल आमच्या बंधूंच्या हातीं आला. तो वहिनींस दाखवूं नये, 'थोडी सूज आहे' एवढेंच सांगावें, असें घरांतल्या वडीलधाऱ्यांचें ठरत होतें. वहिनी दारांतच उभ्या होत्या. "भावजी," त्या आम्हांस म्हणाल्या, "मला दाखवायचाच न्हवता तर फोटो कुणाचा काढला? द्या हिकडं, मी बघतो." यावर कोणास उत्तर सुचलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं डॉक्टरीणबाईंच्या पुढ्यांत बसून त्यांनीं एकेक चकती पाहिली. "डोक्यात ह्ये एवढं काय पेटलंय?" त्यांनीं विचारलें. तो मेंदू, निरोगी आहे, असें कळल्यावर म्हणाल्या, "मग बरं हाय. अजून चालतंय म्हणायचं." रोग दोन जागीं होता: उजव्या मध्यपटलाखालीं एक, महारोहिणीजवळच्या ग्रंथींत एक. धोके, खर्च, दिवस, सारें विचारून घेऊन शस्त्रक्रियेचा निर्णय त्यांनीं स्वतः घेतला. तारीखहि त्यांनींच ठरविली. धाकट्या लेकीचें बाळंतपण आटोपल्यानंतरची.

शस्त्रक्रियेंत ते दोन्ही ठिपके अगदीं चित्रांतल्या जागीं सांपडले. त्यांखेरीज आंतड्यांच्या वळणांत राळ्याएवढे आणखी पांच-सहा दाणे सांपडले. ते सीटींत नव्हते, पेटमध्यें नव्हते, शल्यवैद्यांच्या बोटांस व डोळ्यांस तेवढे लागले. जेवढे दिसले तेवढे काढले. न दिसलेले असतील, त्यांच्यासाठीं औषध पुन्हां सुरू झालें. पुढें काय होईल हें सांगण्याचा अधिकार कोणासहि नाहीं, आणि वहिनी तसें कोणास विचारीतहि नाहींत. त्यांच्या चहांत गूळ पुन्हां पडूं लागला आहे.

स्त्रीचें पोटांतलें दुखणें पोटांतच राहावें, अशी आपल्याकडची जुनी रीत. याच कोल्हापुरांत, ज्यास आज आपण छत्रपति प्रमिलाराजे रुग्णालय म्हणतों त्या तेव्हांच्या अल्बर्ट एडवर्ड इस्पितळांत, विसाव्या शतकाच्या आरंभीं डॉ. कृष्णाबाई केळवकर यांनीं स्त्रियांस औषधपाणी केलें. आपलें दुखणें उघड बोलतां येईल असें एक माणूस त्यामुळें बायकांस मिळालें. दुखणें बोलण्याची सोय त्या पिढीनें केली. दुखणें पाहण्याचीं यंत्रें पुढच्या पिढ्यांनीं आणलीं. परंतु जिचें पोट, तिलाच चित्र दाखवावयाचें नाहीं ही रीत अजून कितीएक घरांत चालू आहे, आणि ती कोणत्याहि यंत्रानें जाणारी नाहीं.

आमचें म्हणणें थोडक्यांत एवढेंच, कीं अशा चित्राकडे कौल म्हणून पाहूं नये. तें एका ठराविक जाडीच्या पलीकडचें तेवढें दाखवितें. त्याच्या अलीकडे काय आहे याविषयीं तें मुकें असतें. म्हणून तें काढण्यापूर्वीं, त्यानें काय बदलणार आहे, हें विचारावें. आणि चित्रांत कांहीं दिसो वा न दिसो, आपण करणार तें एकच असेल, तर तें आज काढावें कीं थांबावें याचाहि मोकळेपणीं विचार व्हावा. हा विचार वैद्यानें करावा, घरच्यांनींहि करावा. पण शेवटचा शब्द जिला तो किरण अंगावर घ्यावयाचा आहे तिचा असावा. कांहीं बायका म्हणतील, आम्हांस सारें आजच कळूं द्या. कांहीं म्हणतील, त्रास होईल तेव्हां पाहूं. तोंवर मुलांचें, घराचें, शेताचें करूं द्या. दोन्ही उत्तरें शहाणपणाचीं आहेत. तिला न विचारतां दुसऱ्यानेंच दिलेलें उत्तर मात्र, तें कितीहि मायेनें दिलेलें असलें, तरी शहाणपणाचें नव्हे.